दहा बोटांची हजेरी

प्रिय ईशान आणि रेवा,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने मला गॅरेजमधलं नवं ड्रिल चालवून दाखवलं. तुमचा बाबा मागे उभं राहून कौतुकाने बघत होता. मला ड्रिल दिसलं नाही, लाकूडही दिसलं नाही. दिसल्या त्या ईशानच्या हुडीच्या दोन नाड्या, फिरणाऱ्या टोकापासून चार बोटांवर लोंबणाऱ्या. मी म्हटलं, "नाड्या आत घाल." तू म्हणालास, "आजी, चिल." मग नेटवर्क गेलं, किंवा तू घालवलंस. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमची आई वाचून दाखवेल. अडलेल्या शब्दांचे अर्थ तिला विचारा, फोनला नको.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनी मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी सुतारकाम शिकवलं. 'शिकवलं' हा शब्द मी उदार मनाने वापरते आहे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू. ते आम्हाला काय म्हणत ते पुढे येईलच.

कोपरीत एका वाचनालयाच्या मागे एक लांबट खोली होती. दारावर पाटी होती, 'प्रौढांसाठी प्राथमिक सुतारकाम, दर रविवारी दहा ते बारा'. पाटीखाली वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक कागद लावला होता: 'अपघात झाल्यास वर्ग त्याच दिवशी बंद करण्यात येईल.' कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चारही कोपऱ्यांना टाचलेला. मी आयुष्यभर विम्याच्या ऑफिसात काम केलं, त्यामुळे असा कागद कशासाठी असतो ते मला ठाऊक आहे. अपघात टळावा म्हणून नाही, झाल्यावर हात वर करता यावेत म्हणून. समितीला तो वर्ग नकोच होता, त्या खोलीत एसी बसवून अभ्यासिका काढायची होती. सरांना मात्र त्या वर्गाशिवाय दुसरं काही नव्हतं. सरकारी प्रशिक्षण संस्थेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली, कल्याणला मुलीकडे राहत. मुलीने त्यांना घरात रंधा चालवायला बंदी केली होती. ती मुलगी मला न भेटताच आवडली.

मी वर्गात गेले त्याला कारण माझ्या स्वयंपाकघरातली फळी. ती डब्यांसकट खाली आली, आणि 'उद्या येतो काकू' म्हणणारा सुतार अकरा दिवस उद्याच येत राहिला. बाराव्या दिवशी मी ठरवलं, फळी आपण लावायची. ज्या बाईने चाळीस वर्षं फायली सरळ लावल्या तिला एक फळी लावता येऊ नये?

सर कल्याणहून बसने खोपटला उतरत आणि तिथून रिक्षाने कोपरीला येत. निदान येण्याचा प्रयत्न करत. रिक्षावाल्याने "बॅगेत काय आहे?" विचारलं की ते खरं सांगत: "सहा करवती, अकरा पटाश्या." पटाशी म्हणजे लाकूड तासायची चपट्या धारेची छिन्नी. दोन-तीन रिक्षा निघून जात, आणि मग वर्गात आल्यावर रिक्षावाल्यांची माणुसकी कशी संपली यावर आमची पाच मिनिटं जात. 'सुतारकामाचं सामान' असं सांगा, असं मी एकदा सुचवलं. "म्हणजे मी खोटं बोलू?" त्यांनी विचारलं. ते खोटं कसं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

अंगाने काटकुळे. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून सेफ्टी पिन लावलेल्या. अंगठी नाही, घड्याळ नाही, मनगटाला दोरा नाही. लोंबणारं, सैल, सुटं असं काहीही अंगावर चालत नसे. मिशीसुद्धा याच कारणाने ठेवली नाही, असं ते सांगत. मिशी कोणत्या यंत्रात जाते, हे विचारायची आमची हिंमत झाली नाही.

वर्ग हजेरीने सुरू व्हायचा. हजेरी बोटांची. आम्ही नऊ जण रांगेत उभे राहून दोन्ही हात पुढे करायचो आणि सर एकेकाची बोटं मोजून वहीत लिहायचे. बारा वाजता पुन्हा रांग, पुन्हा मोजणी. वहीत 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने होते. "दहा घेऊन आलात, दहा घेऊन जा. लाकूड राहिलं तरी चालेल."

चेतना नावाची पस्तिशीची मुलगी माझ्या बाकावर असायची. घोडबंदरला कॉम्प्युटरवर काम करायची आणि तिला पुस्तकांचं कपाट करायचं होतं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, नऊ निघाली तर?"

"तर दहावं शोधायला तुम्हालाच लावीन."

पहिले चार रविवार आम्ही लाकडाला हात लावला नाही. हत्यार खाली ठेवायला शिकलो. करवत कुठल्या अंगावर ठेवायची, रंधा आडवा का ठेवायचा, पटाशी दुसऱ्याला देताना धार कुणाकडे आणि मूठ कुणाकडे. "उचलायला माकडालाही येतं. ठेवून दाखवा." त्यानंतर केर काढायला शिकलो, कारण भुशावर पाय घसरतो. तिसऱ्या रविवारी चेतनाचा संयम संपला.

"सर, मी तीन वीक फक्त झाडू मारतेय. माझ्या सासूला कळलं ना, ती पण येईल बघायला."

"येऊ द्या. तुम्ही कोपरे सोडता, त्या सोडणार नाहीत."

सर प्रत्येकाला लाकडाचं नाव देत. चेतना प्लायवूड, कारण "पटकन तयार, पाण्यात गेलं की फुगतं." एक निवृत्त हेडमास्तर होते, ते बाभूळ. कार्यवाहांना त्यांच्या मागे ते 'पॉलिश' म्हणत आणि "खाली काय आहे कुणी पाहिलंय?" अशी पुस्ती जोडत. मी शिसवी. मला आधी तो मान वाटला. पुढे त्यांनी खुलासा केला: "दिसायला भारी, पण खिळा घेत नाही. वाकडा करते."

त्यांचे चौदा नियम होते. मी ते पाठ करण्यासाठी एका वहीत व्यवस्थित क्रमाने लिहून काढले, तेव्हा लक्षात आलं की तीन नियम दोनदा आले आहेत. मी वही दाखवून म्हटलं, "सर, मुळात नियम अकराच आहेत."

"तीन दोनदा सांगावे लागतात. म्हणून चौदा."

"मग ते चौदा होत नाहीत."

"मॅडम, तुम्ही ते तीन एकदा पाळून दाखवा. मी बारा म्हणायला तयार आहे."

हा हिशेबही मला अजून लागलेला नाही.

एकदा ते माझ्या घरी पोहे खायला आले. म्हणजे फळीची जागा बघायला आले आणि पोहे खाऊन गेले. बॅगेतून गुण्या काढला. गुण्या म्हणजे कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायची पट्टी. दार, खिडक्या, टीव्हीचं कपाट, सगळ्याला लावून पाहिला. प्रत्येक ठिकाणी "हं" म्हणाले. शेवटी देव्हाऱ्याला लावला आणि म्हणाले, "देव तिरके बसलेत." तुमच्या आजोबांनी हौसेने करून घेतलेला देव्हारा तो.  सर गेल्यावर माझ्या स्टीलच्या पट्टीने मोजला. देव एका बाजूला तीन मिलिमीटर उतरत होते. बत्तीस वर्षं मी त्यांना तसं बसवलं होतं. खरं सांगते, त्या दिवशी मला त्या माणसाचा फार राग आला. मग मी उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली.

पण सरांचं मुख्य वेड म्हणजे बटण. वर्गात विजेवर चालणारं एकच यंत्र होतं, पटाश्यांना धार लावायचं. ते सुरू असेपर्यंत एक माणूस भिंतीवरच्या मेन स्विचपाशी उभा राहिलाच पाहिजे, असा नियम. त्याने स्विचच्या लोखंडी दांड्यावर हात ठेवायचा, यंत्रावरच्या माणसाकडे बघायचं आणि बाकी काही करायचं नाही. बोलायचं नाही, बसायचं नाही, फोन तर नाहीच. काही अडकलं तर ओरडायचंही नाही. "ओरडण्यात एक सेकंद जातो. आधी दांडा खाली, मग आयुष्यभर ओरडा." दांडा ओढला की यंत्राबरोबर खोलीतले दिवे आणि पंखेही बंद व्हायचे, कारण वाचनालयाने त्या खोलीला एकच स्विच दिला होता.

हे काम कुणालाच नको असायचं, म्हणून सरांनी त्याची शिक्षा केली. भिंतीवर एक काळा फळा होता. ज्याने नियम मोडला त्याचं पूर्ण नाव, गुन्हा आणि शिक्षा त्यावर खडूने लिहिली जायची: एक महिना बटणावर. महिना संपेपर्यंत नाव पुसलं जात नसे. हेडमास्तरांनी बूट विसरून चप्पल घालून आल्याबद्दल महिना भोगला. चेतनाने केस न बांधल्याबद्दल भोगला, आणि फळ्यावरचं स्वतःचं नाव नवऱ्याला फोटो काढून पाठवलं.

माझी पाळी आली ती पटाशीमुळे. मी लाकूड शिकंज्यात, म्हणजे बाकाच्या लोखंडी पकडीत, न आवळता डाव्या हाताने धरलं आणि पटाशी स्वतःकडे ओढली. सर मागे उभे होते.

"मॅडम, धार कुणाकडे?"

मला राग आला की मी इंग्रजी बोलते. "आय वॉज बीइंग केअरफुल," मी म्हटलं.

"असाल. तुमच्या बोटाला इंग्रजी येतं का?"

सगळे हसले. चेतना सगळ्यात जास्त. माझं नाव फळ्यावर लागलं, सासरच्या आडनावासह, आणि नावाचं शुद्धलेखन चुकीचं. मी जाऊन ते दुरुस्त केलं आणि मग बटणापाशी उभी राहिले. चार रविवार. बाकीचे शिकत होते आणि मी दांड्यावर हात ठेवून एका म्हाताऱ्याकडे टक लावून बघत होते. त्या महिन्यात मी मनातल्या मनात त्यांच्या सगळ्या सवयींची यादी केली. हे लिहिताना तीच उपयोगी पडते आहे.

आता त्या रविवारबद्दल.

वाचनालयाला एका बिल्डरने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ लाकूड कातायचं मशीन भेट दिलं. त्यात लाकूड आडवं बसवतात, ते गरगर फिरतं आणि त्याला पटाशी टेकवून गोल आकार देतात. लाटणी आणि पलंगाचे पाय त्यावर होतात. समितीला मशीन नको होतं, पण दाता हवा होता. त्यामुळे समारंभ ठरला: मशीनचं उद्घाटन आणि त्याच वेळी सरांचा सत्कार. दाता खुश राहिला तर वर्ग चालू राहील, असं कार्यवाहांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते सांगणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कारण कार्यवाहांना हळू बोलता येत नाही.

दीडशे लोक जमले. आमच्या खोलीत एवढी माणसं मावत नव्हती, अर्धी दाराबाहेर. भाषणं झाली. बिल्डरांनी लाकूड आणि संस्कार यांचा काहीतरी संबंध जोडला. मग सरांना नारळ दिला आणि खांद्यावर लाल शाल घातली.

तेवढ्याने तो माणूस पाघळला. तीस वर्षं नोकरी केली, पण त्यांना कुणी शाल घातली नव्हती असं दिसलं. ते दोन बोटांनी शालीचा काठ पुन्हा पुन्हा चाचपत होते, लाकडाचा पोत चाचपतात तसा. फोटोग्राफर म्हणाला, "सर, मशीन चालवताना एक होऊन जाऊ दे. शाल असू द्या, फोटोत मस्त येते." आणि ज्या माणसाने मिशी ठेवली नव्हती तो शालीसकट मशीनपाशी गेला. कुणीतरी आधीच बसवून ठेवलेला लाटण्याचा ठोकळा फिरायला लागला.

मी दुसऱ्या रांगेत बसले होते. माझी शिक्षा आदल्या रविवारीच संपली होती. मी भिंतीकडे पाहिलं तर बटणापाशी कुणी नव्हतं, आणि सरांनी तिकडे बघितलंही नव्हतं. मी उठले.

"काकू, बसा ना," चेतना म्हणाली. "फंक्शन आहे आज."

मी प्राण वाचवायला उठले असं तुम्हाला वाटायला नको. मला त्यांची चूक पकडायची होती. दांड्यावर हात ठेवून उभं राहायचं, फोटो झाला की सगळ्यांसमोर सरळ बघायचं आणि म्हणायचं: सर, नियम कितवा? मी वाक्य तयार करत होते.

सर माईकवर बोलत पटाशी टेकवत होते. "बघा, घाई नको, लाकूड स्वतः..." आणि शालीचं टोक ठोकळ्याला लागलं. एक वेढा बसला. दुसरा बसला. सरांची मान खाली गेली.

मी ओरडले नाही. दांडा ओढला.

दिवे गेले, पंखे थांबले, माईक मेला. मशीनने अजून दोन-तीन फेऱ्या घेतल्या आणि ते थांबलं. सरांचं नाक आणि तो ठोकळा यांच्यात एक वीत अंतर होतं. दाराबाहेरच्या लोकांना काहीच दिसलं नव्हतं. ते "लाइट गेली, लाइट गेली" म्हणत पत्रिकांनी वारा घेऊ लागले.

कार्यवाह क्षणभर पांढरे पडले, आणि मग त्यांच्यावरचं पॉलिश परत आलं. "बसून घ्या, बसून घ्या. लाइट गेलीय. दोन मिनिटांत येईल."

सर वाकलेलेच होते. म्हणाले, "मॅडम, कात्री."

मी त्यांच्या बॅगेतून कात्री आणली, मूठ त्यांच्याकडे करून दिली. त्यांनी शाल कापली, उभे राहिले, दोन्ही हात समोर धरले आणि मोजलं. एक, दोन, तीन. दहापर्यंत. मानेला एक लाल वळ होता, बाकी काही नाही.

कार्यवाह कानाशी लागले. "सर, काहीही झालेलं नाही. लाइट गेली होती. बिल्डरसाहेब पुढे बसलेत, त्यांनाही तसंच वाटतंय. वर्ग चालू राहणार, मी शब्द देतो. तुम्ही फक्त खुर्चीत बसा."

म्हणजे पहिल्यांदाच समितीला तो वर्ग हवा होता, आणि त्यासाठी सरांनी फक्त गप्प बसायचं होतं. त्या माणसाला ते कधी जमलं आहे?

ते फळ्यापाशी गेले. खडू घेतला आणि आडनावासकट स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली: 'शाल घालून मशीन चालवलं. बटणावर माणूस आहे की नाही ते पाहिलं नाही.' त्याखाली: 'एक महिना बटणावर.' दीडशे लोकांसमोर, अंधुक उजेडात, मोठ्या अक्षरात.

चेतना त्यांच्याजवळ गेली. "सर, पुसा ना. प्लीज. वर्ग जाईल."

"तुमचं नाव पुसलं होतं का मी?"

मग मी मशीनचं स्वतःचं बटण बंद केलं आणि दांडा वर केला. दिवे लागले, आणि फळा सगळ्यांनी वाचला. बिल्डरांनीही वाचला. तो दांडा मी आणखी पाच मिनिटं वर केला नसता तर काय झालं असतं, असा विचार मी नंतर केला आहे. केला नसता तर सरांनी मला विचारलं असतं, 'मॅडम, अंधारात फळा कोण वाचणार?'

त्या दिवशी संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. कागदात लिहिलं होतं तसं, त्याच दिवशी. समितीने पाळलेला तो एकमेव नियम असावा.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता सर आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बॅग घेऊन उभे. "शिक्षा बाकी आहे," ते म्हणाले.

मी चेतनाला फोन केला, तिने बाकीच्यांना. पाच जण आले. धार लावायचं यंत्र सरांचं स्वतःचं होतं, ते त्यांनी खोलीतून सोडवून आणलं होतं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन तासांची परवानगी मागितली. सर पार्किंगच्या स्विचपाशी उभे राहिले, हात ठेवून, चार रविवार. बटणावरच्या माणसाने बोलायचं नाही हा त्यांचाच नियम. चेतनाने रंधा उलटा चालवला. हेडमास्तरांनी करवत जमिनीवर टाकली. मी खिळा वाकवला, मग दुसरा वाकवला. सरांच्या चेहऱ्यावर जे होत होतं ते पाहायला मी तिकीट काढून गेले असते. कपाळाची शीर उठलेली, ओठ आवळलेले, आणि शब्द एकही नाही. माझ्या आयुष्यात सुतारकाम सगळ्यात जास्त मी त्या महिन्यात शिकले.

पाचव्या रविवारी ते दोन तास सलग बोलले. महिनाभराच्या सगळ्या चुका त्यांना तारीखवार पाठ होत्या.

नंतर भुशाबद्दल तक्रारी आल्या आणि पार्किंगही बंद झालं. चेतना बदली होऊन पुण्याला गेली. तिचं कपाट तयार आहे, जरा डावीकडे झुकतं, ती त्याला सर म्हणते. सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता ते कल्याणहून फारसे निघत नाहीत. दर वर्षी खंडेनवमीला, म्हणजे घराघरांतून हत्यारांची पूजा होते त्या दिवशी, त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, तब्येत नाही. "मॅडम, किती?" मी सांगते, "दहा." ते "हं" म्हणतात आणि फोन ठेवतात. मला त्यांचं त्या दिवशीचं फळ्यावरचं अक्षर आवडलं होतं, हे मी कधी सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते माझ्या वाकड्या खिळ्यांवर येतील.

ईशान, हुडीच्या नाड्या काढून टाक. आत घालू नकोस, काढून टाक. ड्रिल चालू असताना रेवाने प्लगपाशी उभं राहायचं. रेवा, बोलायचं नाही. कठीण आहे, मला माहीत आहे.

वर्ग राहिला नाही. तिथे आता अभ्यासिका आहे आणि एसी बंद पडलेला असतो. स्वयंपाकघरातली फळी मी लावलेली आहे, डब्यांसकट जागेवर आहे. त्या दिवशी मशीनवर अर्धवट राहिलेलं लाटणं सरांनी मला दिलं. ते मध्ये जाड आहे आणि त्याच्या मुठीपाशी शालीचे दोन लाल धागे अडकलेले आहेत. मी ते काढलेले नाहीत. पोळ्या मी त्याच लाटण्याने लाटते.

तुमची आजी